फसलेला वार सोसणारी तलवार : एका आधुनिक प्रतिकृतीचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लढाईत भरवसा ठेवता येईल अशी तलवार, असे वर्णन आज जवळपास प्रत्येक प्रतिकृतीच्या जाहिरातीत आढळते आणि पुराव्यादाखल पाण्याने भरलेली बाटली किंवा भिजवलेल्या चटईची गुंडाळी एका झटक्यात दुभंगताना दाखवली जाते. सावकाश पवित्रा घेऊन, स्थिर लक्ष्यावर, अचूक कोनात मारलेला तो वार मला तलवारीबद्दल फारसे काही सांगत नाही, कारण बऱ्यापैकी पोलादाला बारीक धार लावली की तेवढे काम जवळपास कोणतेही पाते करते. लढाईत पात्याच्या वाट्याला येणारे पुष्कळसे आघात याच्या अगदी उलट असतात. धार तिरपी लागते, वार ढालीच्या कडेवर किंवा शिरस्त्राणावर पडतो, समोरचे शस्त्र पात्याच्या चपट्या बाजूवर आदळते, आणि एवढे होऊनही पुढचा वार त्याच तलवारीने करायचा असतो. म्हणून तलवार निवडताना मी नेमक्या वाराचा विचार कमी आणि फसलेल्या वाराचा विचार जास्त केला, आणि गेले काही महिने तिची परीक्षाही त्याच दृष्टीने घेतली.

तलवार एकहाती, सरळ आणि दुधारी आहे. युअर्ट ओकशॉट या अभ्यासकाने मध्ययुगीन युरोपीय तलवारींचे पात्याच्या आकारावरून आणि छेदावरून जे वर्गीकरण केले, त्यातील प्रकार १२ च्या जवळ ती जाते, म्हणजे रुंद, टोकाकडे हळूहळू निमुळते होणारे आणि सुमारे दोन तृतीयांश लांबीपर्यंत मध्यभागी पन्हळ असलेले पाते. पाते ८० सेंटिमीटर लांब आहे, एकूण वजन माझ्या काट्यावर १ किलो १६० ग्रॅम भरले, आणि तोलाचा बिंदू आडव्या परजेपासून, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या हाताला संरक्षण देणाऱ्या आडव्या दांड्यापासून, ११ सेंटिमीटरवर येतो. या काळातील अस्सल एकहाती तलवारींचे वजन साधारणपणे १ ते १.४ किलोच्या दरम्यान असते, त्यामुळे वजनाच्या बाबतीत ही प्रतिकृती मुळाशी प्रामाणिक आहे. जुन्या तलवारी पेलायला पहिलवान लागत, ही समजूत वस्तुसंग्रहालयातील एखादी तलवार तराजूवर ठेवली की टिकत नाही. बनवणाऱ्याचे नाव मी देत नाही, कारण पुढे एक-दोन तक्रारी येणार आहेत आणि माझा मुद्दा एका कारखान्यापुरता नाही.

सर्वांत आधी जाडीबद्दल लिहितो, कारण विकत घेणारा बहुधा लांबी, रुंदी आणि वजन पाहतो, पण जाडी विचारत नाही. चांगल्या पात्याची जाडी परजेपासून टोकाकडे सतत उतरत जाते. माझ्या तलवारीत ती परजेजवळ ५.८ मिलिमीटर, मध्यावर सुमारे ४ आणि टोकाच्या थोडे अलीकडे २.५ मिलिमीटर आहे. याआधी माझ्याकडे असलेल्या एका प्रतिकृतीत ती सर्वत्र साडेचार मिलिमीटर होती, म्हणजे सपाट पट्टी कापून तिला फक्त कडेने घासले होते. फोटोत दोन्ही तलवारी सारख्याच दिसतात. हातात घेतल्यावर मात्र जुनीचे टोक जड लागते, वार सुरू करता येतो पण मधेच थांबवता किंवा वळवता येत नाही, आणि फसलेल्या वारानंतर सावरायला लागणारा तो अर्धा क्षणच लढाईत महागात पडतो. दुसरा परिणाम ताठपणावर होतो. पाते चपट्या बाजूने किती वाकेल हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरते आणि तेही घनाच्या प्रमाणात, म्हणजे जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. पोलाद अधिक कठीण केल्याने पाते अधिक ताठ होत नाही. कठीणपणामुळे फक्त एवढेच ठरते की ते किती वाकल्यानंतर परत सरळ होणे सोडून देईल. त्यामुळे हातात वेतासारखी डुलणारी तलवार ‘उच्च दर्जाच्या पोलादाची’ असली तरी टोचण्याच्या कामाची नसते.

हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे टोक लाकडी फळीवर टेकवून हलका दाब देणे आणि बाक कुठे येतो ते पाहणे. चांगल्या उताराचे पाते पुढच्या अर्ध्या भागात वाकते आणि परजेजवळचा भाग ताठ राहतो. सारख्या जाडीच्या पात्याचा बाक परजेकडे सरकतो, आणि आघाताचा सगळा ताण मुठीच्या तोंडाशी, म्हणजे नेमक्या सर्वांत नाजूक जागी, जाऊन बसतो. पन्हळीचा उपयोगही याच हिशेबात आहे. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते असे अजूनही ठामपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात ताठपणा फारसा न गमावता मधले वजन काढून टाकणे, एवढाच तिचा हेतू आहे.

पोलादाच्या आकड्यांवर खरेदीदार जेवढा वेळ घालवतात, तेवढा तो विषय मोठा नाही. माझे पाते ५१६० या स्प्रिंग पोलादाचे आहे, म्हणजे सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि थोडे क्रोमियम. हेच पोलाद मालमोटारींच्या पाट्यांच्या स्प्रिंगला वापरतात. सिलिकॉनयुक्त ९२६०, क्रोमियम-व्हॅनेडियमचे ६१५० किंवा साधे १०६० यांपैकी कोणतेही असते तरी माझी हरकत नव्हती. साध्या कार्बन पोलादात शेवटचे दोन आकडे कार्बनचे शेकडा प्रमाण शतांशांत सांगतात, त्यामुळे १०४५ मध्ये ०.४५ टक्के आणि १०९५ मध्ये ०.९५ टक्के कार्बन असतो. पहिल्याची धार लवकर बोथट होते, दुसऱ्याला पाणी देताना, म्हणजे तापवून आणि बुडवून कठीण करताना, जरा चूक झाली की पाते ठिसूळ होते. लांब पात्याला मी ठामपणे नकार देतो तो फक्त ४२० किंवा ४४० सारख्या स्टेनलेस पोलादाला. सुरीला ते उत्तम असेल, पण तलवारीच्या लांबीला ते भिंतीवर टांगण्यापुरतेच.

खरा फरक पोलादाच्या नावात नसून त्याला पाणी कसे दिले यात पडतो. पाते ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तेलात बुडवले की ते अतिशय कठीण पण काचेसारखे ठिसूळ होते. त्यानंतर कमी उष्णतेवर पुन्हा तापवून, म्हणजे टेम्परिंग करून, थोडी कठीणता सोडून द्यावी लागते आणि तिच्या बदल्यात चिवटपणा मिळतो. तलवारीसाठी कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ४८ ते ५३ ही पातळी मला योग्य वाटते. ६० चा आकडा अभिमानाने छापणारा विक्रेता सुरीचे गुण तलवारीला लावत असतो. जपानी पद्धतीने फक्त धार कठीण आणि पाठ मऊ ठेवलेल्या पात्याची धार सुरेख टिकते, पण तिरप्या वाराने असे पाते वाकले तर वाकलेलेच राहते. संपूर्ण छेदात सारखे पाणी दिलेले स्प्रिंग पोलाद परत सरळ होते, आणि फसलेल्या वाराच्या हिशेबात मी हाच गुण वर ठेवतो. घरच्या घरी कानशीने धार तपासून पाण्याचा अंदाज घेतात, तोही जपून घ्यावा. तापवताना पृष्ठभागावरचा कार्बन काही प्रमाणात जळून जातो, आणि वरचा थर नीट घासून काढला नसेल तर कानस मऊ थरात रुतते आणि आतल्या चांगल्या पात्याला उगाच दोष लागतो.

आता मूठ. माझ्या मते तलवारीवरचा विश्वास इथेच कमावला किंवा गमावला जातो, आणि नेमका हाच भाग विकत घेताना दिसत नाही. पात्याचा जो अरुंद भाग मुठीतून आरपार पॉमेलपर्यंत, म्हणजे मुठीच्या शेवटच्या जड गोळ्यापर्यंत जातो, त्याला टँग म्हणतात. ज्या जुन्या तलवारीचा वर उल्लेख केला, तिचे पॉमेल दर दोन-तीन सत्रांनंतर सैल होत असे. शेवटी मूठ उघडली तेव्हा टँग तीन-चार बोटांनंतर संपलेला दिसला आणि पुढे आटे पाडलेली एक बारीक सळई वेल्डिंगने जोडलेली होती. जोडाच्या दोन्ही अंगांना निळसर-जांभळ्या छटांचे पट्टे उमटले होते, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले पाणी बिघडले होते, आणि जोडाच्या कडेने केसासारखी एक काळी रेघ अर्ध्या घेरापर्यंत गेलेली होती. ती रेघ म्हणजे तडा होता. भिजलेल्या चटईवर वार करत राहिलो असतो तर कदाचित तो आणखी वर्षभर तसाच राहिला असता. एखाद्या टणक ढालीवर मात्र पाते मुठीतून सुटून कुठेही गेले असते.

नव्या तलवारीत टँग पात्याच्याच अखंड पोलादाचा आहे, परजेपाशी पात्याच्या निम्म्याहून जास्त रुंद आहे, आणि पॉमेलमधून बाहेर आलेले त्याचे टोक तापवून, ठोकून रिव्हेटसारखे पसरवलेले आहे. ऑर्डर देण्याआधी मी मूठ बसवण्यापूर्वीचे छायाचित्र मागितले होते आणि त्यात पाहिली ती एकच गोष्ट: पाते जिथे अरुंद होऊन टँग सुरू होतो, तो खांद्याचा कोपरा. तो काटकोनात धारदार कापलेला असेल तर सगळा ताण त्या टोकाशी एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. तो गोलाई देऊन काढलेला हवा. इथे तो गोल होता. बनवणारा असे छायाचित्र द्यायला टाळाटाळ करत असेल, तर माझ्या मते पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आट्याच्या जोडणीला सरसकट नावे ठेवण्याचीही गरज नाही. टँग जाड आणि अखंड असेल, आटे त्याच पोलादात नीट काढलेले असतील आणि पॉमेलच्या आत खोल नट बसवलेला असेल, तर सरावाच्या बोथट तलवारींना ही पद्धत सोयीची पडते, कारण लाकूड आकसले की नट आवळता येतो. लांब टँग हाच एकमेव खरा मार्ग आहे, असेही इतिहास सांगत नाही. हिंदुस्थानी तलवारीचा टँग आखूड असतो आणि लोखंडी मुठीच्या पोकळीत लाख-राळेच्या मिश्रणाने चिकटवलेला असतो. युरोपातून आलेली फिरंगी पातीही अशाच मुठींत बसवली जात, आणि त्या तलवारींनी कित्येक शतके लढाया केल्या. फरक एवढाच की त्या मुठी अशा जोडणीसाठीच घडवलेल्या होत्या. आखूड टँग लाकडी मुठीत घालून वर चामडे गुंडाळणे हा परंपरेचा भाग नसून काटकसर आहे.

वापराचे स्वरूप सांगतो. नेहमीचा सराव, हवेतील वार आणि चटईची कापणी हे चालूच होते, पण त्याखेरीज मी मुद्दाम वाईट वार केले. चटईत मध्यभागी टणक काठी घालून तिरप्या धारेने मारले, जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबावर जुने रबर बांधून त्यावर पात्याची चपटी बाजू आपटली, आणि जाड लाकडी फळीच्या कडेवर, ढालीची कड समजून, धारेने वार घेतले. डोळ्यांना संरक्षण, आजूबाजूला कोणी नाही आणि पात्याच्या रेषेत कोणी उभे नाही, एवढी काळजी प्रत्येक वेळी घेतली. धारदार तलवारीने दुसऱ्या माणसासोबत सराव करण्याचा प्रश्नच येत नाही.

तिरप्या वारांत पाते चटईत पिळले जाते आणि तो पीळ मनगटात स्पष्ट जाणवतो. प्रत्येक सत्रानंतर मी पाते डोळ्यासमोर धरून परजेकडून टोकाकडे धारेच्या रेषेत नजर टाकत असे. आजवर त्यात कायमचा बाक आलेला नाही. धारेबाबत मात्र पहिल्याच महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. कारखान्यातून आलेली धार कागद चिरणारी होती आणि फळीच्या कडेवर तीच आधी दुमडली. हे ओळखायला पाते दिव्याखाली धरून हळूहळू फिरवावे. चांगली धार प्रकाश परत फेकत नाही, ती दिसतच नाही. दुमडलेल्या जागी मात्र बारीक चकाकती रेघ दिसते, आणि बोटाचे नख एका बाजूने अलगद आणले तर तिथे अडकते. अशा तीन जागा होत्या, तिन्ही टोकापासून एक वीत अंतरावरच्या भागात. मी दगडावर त्या सरळ केल्या आणि संपूर्ण धार थोडी अधिक बोजड, दोन्ही अंगांनी किंचित फुगीर केली. आता ती कागद चिरत नाही, फाडते, पण चटई पूर्वीसारखीच कापते आणि त्याच फळीवर नंतर दुमडलेली नाही. लढाईसाठी दाढीच्या वस्तऱ्याची धार मागणे ही खरेदीदाराची हौस आहे, आणि कारखाने ती निमूटपणे पुरवतात.

चपट्या बाजूच्या आघातांनी मुठीची परीक्षा झाली. पॉमेलवर तळहाताने थाप मारली की पाते थरथरते आणि त्यात एक जागा जवळजवळ स्थिर राहते. माझ्या तलवारीत ती टोकापासून सुमारे पाव मीटरवर आहे. वार या जागेच्या आसपास लागला की हाताला झटका बसत नाही, दूर लागला की बसतो. अनेक आठवड्यांच्या अशा झटक्यांनंतर पात्यावर टिचकी मारल्यास येणारा स्वच्छ, लांबलेला नाद बदलून त्याच्या मागे एक बारीक खरखर ऐकू येऊ लागली. पॉमेल घट्ट होते, टँग जागच्या जागी होता, परज मात्र अंगठ्याने दाबल्यावर कणभर हलत होती. मुठीचे लाकूड वाळून आकसले होते, आणि रिव्हेटच्या जोडणीत ते आवळायला जागा नसते. परजेच्या फटीत कठीण लाकडाच्या बारीक पाचरी ठोकून मी ते बंद केले आणि खरखर थांबली. ही तक्रार मी कारखान्याच्या खात्यावर लिहितो, कारण लाकूड पुरेसे वाळवूनच मूठ बसवायला हवी होती. मुठीवरचे चामडेही घामाने पॉमेलजवळ सुटू लागले आहे. खालची सुतळीची गुंडाळी मात्र उत्तम आहे, आणि मुठीचा छेद गोल नसून अंडाकृती असल्यामुळे धार कोणत्या दिशेला आहे हे न पाहता हाताला कळते. गोल मुठीची तलवार मी कोणालाही सुचवणार नाही, तिरप्या वारांचे निम्मे कारण तीच असते.

अस्सल लढाऊ शस्त्रे कधी दगा देत नसत, या समजुतीवर आधारून आजच्या प्रतिकृतीला तोलू नये. आइसलँडच्या जुन्या गाथांत ऐन लढाईत वाकलेले पाते पायाखाली धरून सरळ करणारे योद्धे भेटतात. १८८५ मध्ये सुदानातील अबू क्लेआच्या लढाईत ब्रिटिश सैनिकांच्या संगिनी वाकल्या आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. त्या शतकात इंग्लंडमधील चांगले तलवार-कारखाने पाते वाकवून आणि ठोकळ्यावर आपटून पाहिल्यानंतरच त्यावर परीक्षेची खूण उमटवत. आज बहुसंख्य प्रतिकृतींची अशी कोणतीही परीक्षा होत नाही. ती खरेदीदाराच्या हातात होते.

‘लढाई’ म्हणताना समोर काय आहे हेही आधी ठरवावे लागते. कापडी किंवा चामडी संरक्षणासमोर माझी तलवार उत्तम आहे. रिव्हेट केलेल्या कड्यांच्या जाळीदार चिलखतासमोर तिची धार जवळपास निरुपयोगी ठरते, कारण अशी जाळी कापली जात नाही, आणि या पात्याचे टोक तिच्यात घुसण्याइतके अणकुचीदार नाही. पत्र्याच्या चिलखताचा प्रसार झाला तेव्हा पातीही बदलली. ओकशॉटच्या प्रकार १५ मध्ये पन्हळ नाही, छेद चौकटच्या आकाराचा आहे आणि पाते झपाट्याने निमुळते होत सुईसारख्या टोकाला जाते. ते सांध्यांत खुपसण्यासाठी आहे. ज्याला सर्वच कामांसाठी एक तलवार हवी असते, त्याला विक्रेते दोन्हींच्या मधले काहीतरी देतात, जे फारसे कापतही नाही आणि फारसे टोचतही नाही.

देखभालीबद्दल थोडक्यात. प्रत्येक वापरानंतर पाते पुसून खनिज तेलाचा पातळ थर द्यावा, परजेच्या फटीत एक थेंब अधिक सोडावा, आणि चामड्याच्या म्यानात तलवार महिनोन्महिने ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातील आम्लांनी आणि त्यात मुरलेल्या ओलाव्याने गंज धरतो. माझ्या पात्यावर आजवर दिसलेले गंजाचे ठिपके परजेच्या अगदी कडेलाच होते, जिथे फडके पोचत नाही.

आज कोणी मला याच कामासाठी तलवार निवडून मागितली, तर मी पोलादाचे नाव शेवटी विचारेन. आधी परजेजवळची, मध्यावरची आणि टोकाजवळची जाडी, मग वजन आणि तोलाचा बिंदू, मग टँगच्या खांद्याचे उघडे छायाचित्र, आणि मुठीचे लाकूड किती काळ वाळवले आहे हा प्रश्न. या तलवारीच्या पात्यावर आणि टँगवर माझा आता पूर्ण भरवसा आहे, मुठीवर तसा नाही. येत्या कोरड्या दिवसांत पाचरी सैल झाल्या, तर ती उघडून नव्या, नीट वाळलेल्या लाकडाने पुन्हा बांधून घेणार आहे, आणि हे करताना पॉमेलवरचे रिव्हेट कापावे लागेल याची मला कल्पना आहे.